काळी पिकाला, पांढरी घराला

॥ श्री ॥

सुलतान बाजार, हैदराबाद
दि. १६ जानेवारी १९६७

ती. सौ. अक्का हिस,
उमाचे सा. न. वि. वि.

पाकिटात तिळगूळ घातला आहे. टपालात त्याचा चुरा झाला असेल, तरी दाजींना आणि तुला चिमूट चिमूट पुरेल. गोड बोल, निदान माझ्याशी तरी.

शाळेतून निवृत्त झाले त्याला आता बरेच दिवस झाले, पण सकाळी पाय आपोआप चपलेत जातात. मग आठवतं की कुठं जायचं नाही. हे गेल्यानंतर शाळा होती म्हणून दिवस सरत होते. आता माडीवरच्या या खोलीत मी, माझा स्टोव्ह आणि खालच्या गल्लीतला गलका. लक्ष्मीबाई, आमच्या शाळेच्या शास्त्राच्या बाई, अधूनमधून येऊन बसतात. त्या गेल्या की खोली आधीपेक्षा मोठी वाटते.

तू दिवाळीनंतरच्या पत्रात सहज लिहिलं होतंस की तुझ्या घराला लागून असलेला सांडूचा तुकडा तो विकायचा म्हणतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. आपल्या बाबांनी जन्मभर छावणीत भाड्याच्या खोल्या बदलल्या. आपण दोघी एका रजईत झोपलो, पण अंगण म्हणावं असं कधी मिळालं नाही. मग तुझं लग्न झालं, तू कन्नडकडे गेलीस. माझं झालं, मी इकडे आले. पोलिस ॲक्शनच्या साली तुम्ही घाट उतरून चाळीसगावाकडे गेलात, तेव्हा कितीतरी दिवस तुझी खुशाली कळली नव्हती. त्या दिवसांत मी ठरवलं होतं, म्हातारपण अक्काजवळ काढायचं. तुझ्या चुलीचा धूर मला दिसावा आणि माझा तुला.

तेव्हा सांडूला सांग, तुकडा उमाबाई घेणार. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं गुलाब. तुमच्या काळ्या मातीत म्हणे काठी रोवली तरी पालवते. दाजींना मोजणीचं आणि रजिस्ट्रीचं तेवढं पाहायला सांग. उशीर झाला आणि दुसऱ्या कुणी घेतला तर मी जन्मभर बोलणार नाही.

तब्येतीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
उमा


॥ श्री ॥

हिवरवाडी, ता. कन्नड
दि. २९ जानेवारी १९६७

चि. उमास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी आनंदानं यांना मळ्यातून हाका मारून बोलावलं. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि दोन दिवस उत्तर लांबवलं. आज लिहिते.

सांडूचा तुकडा घेऊ नकोस.

जमीन वाईट नाही, उलट फार चांगली आहे. यंदा तिच्यात हरभरा असा आलाय की बघत राहावं. पण ती काळी आहे, आणि चांगली खोल काळी आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. आकसली की अशा भेगा पडतात की म्हशीचा पाय जाईल. वरचं घरही मग तिच्याबरोबर वर-खाली होतं. इकडे जुनी म्हण आहे, काळी पिकाला, पांढरी घराला. म्हणून तर सगळी गावं उंचावर, पांढऱ्या मातीवर बसलेली असतात आणि शेतं खाली असतात. आमच्या गावठाणात आता जागा नाही, नाहीतर तिथंच बघितली असती.

काठी रोवली तर पालवते हे खरं, पण गुलाबाच्या मुळाशी पावसाळाभर पाणी साचलं तर तो कुजतो. शिकवायचीस भूगोल, आणि तुला शेतात उभं असलेलं ज्वारीचं आणि बाजरीचं ताट वेगळं ओळखता येत नाही, तेव्हा हे तुला कोण सांगणार, मीच.

जागा दुसरी आहे. नाल्याच्या पलीकडे, कन्नडच्या सडकेच्या अंगाला पुंजारामचा माळ आहे. वर थोडी माती आणि खाली मुरूम. तिथं घर पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाही. फक्त तिथून माझं घर दिसत नाही. मध्ये बाभळी आहेत आणि नाला आहे. पावसाळ्यात नाला भरला आणि इकडची काळी चिकटली की इकडचं माणूस तिकडे जात नाही. हे तुला आधीच सांगते.

सोबत दोन पुरचुंड्या पाठवते. लाल दोऱ्याची सांडूच्या वावरातली, पांढऱ्या दोऱ्याची माळावरची. दोन्हींत पाणी घाल, हातानं मळ, वाळव, आणि मग मला लिही.

यांना खोकला होता, आता बरा आहे. आपलेपणा आहे तसाच ठेव.

तुझी
अक्का


सुलतान बाजार, हैदराबाद
दि. १२ फेब्रुवारी १९६७

ती. सौ. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पुरचुंड्या पोचल्या. सोडल्या नाहीत, कोनाड्यात ठेवल्या आहेत.

मी काही फार मागितलं नव्हतं. तुझ्या घरात येऊन राहते असंही म्हटलं नव्हतं. शेजारी, एवढंच. त्यावर तू मला नाल्यापलीकडची जागा दाखवतेस, आणि पावसाळ्यात कुणी तिकडे जात नाही हेही वर सांगतेस. पत्र वाचून मी हसले.

एक विचारते. तुझं घर सांडूच्या बांधाला लागून आहे, म्हणजे तेही काळीतच आहे. मग ते कसं उभं आहे? गेल्या दिवाळीला आले होते तेव्हा तर भिंती छान सारवलेल्या होत्या, तूच कौतुकानं दाखवल्यास. तुला चालतं ते मला का चालू नये?

म्हातारी, एकटी बहीण शेजारी आली म्हणजे तिचं दुखलं-खुपलं करावं लागतं हे मला कळतं. तसं असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. पण ते मातीच्या नावावर घालू नकोस.

लक्ष्मीबाई म्हणतात की त्यांच्या ओळखीनं इथंच एका सोसायटीत खोली मिळेल. बघते.

दाजींचा खोकला सांभाळ.

उमा


॥ श्री ॥

हिवरवाडी
दि. २० फेब्रुवारी १९६७

गं. भा. उमाताई यांस,
व्यंकटरावाचा नमस्कार. विनंती विशेष.

आपलं पत्र तिनं मला वाचायला दिलं नाही. डब्यामागं ठेवलेलं मीच काढून वाचलं, याबद्दल माफी असावी. ती उत्तर लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. मला पत्रलेखनाचा सराव कचेरीपुरताच, तेव्हा शब्द राठ वाटल्यास राग मानू नये.

आमचं घर कसं उभं आहे, असं आपण विचारलं आहे. ते टेकूवर उभं आहे. भावांच्या वाटण्या झाल्यावर गावठाणात आम्हाला जागा उरली नाही, म्हणून मळ्यात बांधलं. सिमेंट परमिटावर मोजकंच मिळत होतं आणि पाया मुरमापर्यंत नेणं झालं नाही. पहिल्या उन्हाळ्यात मागच्या भिंतीला केसाएवढी चीर गेली. आता त्या चिरेतून दिवा दिसतो. पावसाळ्यात दार लागत नाही, उन्हाळ्यात लावलेलं राहत नाही. आपण दरवेळी दिवाळीत येता. त्याआधी आपली बहीण मातीत भुसा कालवून सगळ्या चिरा बुजवते आणि वरून सारवते. मला बजावते की उमाला बोलू नका, तिला तिकडे एकटीला घोर लागेल. म्हणून आपल्याला दिसलं नाही.

आणखी एक सांगतो. आपलं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मळ्यातून येत होतो. ही सांडूच्या हरभऱ्यात उभी होती. मी विचारलं, इथं काय करतेस. म्हणाली, उमाचं स्वयंपाकघर या अंगाला आलं असतं, खिडकी आपल्या दाराकडं. सांडूही बांधावर होता. तो म्हणाला, अक्काबाई, सांगा की बहिणीला यायला, मला काय, मी आजच सही करतो. तिनं नकाराची मान हलवली आणि घरी आली. त्या रात्री जेवली नाही. मग आपल्याला नको म्हणून लिहिलं.

नको म्हणणं तिला किती जड गेलं, ते मी पाहिलं आहे. आपण दिवाळीत येता, यंदा एकदा चैत्र-वैशाखात या. माती उन्हाळ्यात खरं बोलते.

कळावे, कृपा असावी.

आपला
व्यंकटराव


सुलतान बाजार, हैदराबाद
दि. १८ मे १९६७

ती. सौ. अक्का हिस,
उमाचे सा. न. वि. वि.

तीन दिवसांपूर्वी काचीगुड्याला सुखरूप उतरले. गाडीत बसायला जागा मिळाली. तू दिलेली पिठलं-भाकरी परभणीपर्यंत पुरली.

तुझ्याकडे असताना जे बोलायला जमलं नाही ते लिहिते. त्या सकाळी तू दुधाकडे गेलीस, तेव्हा मी एकटीच सांडूच्या वावरात गेले होते. हिरवंगार म्हणून जे मी मनात धरून बसले होते, तिथं नुसती फाटलेली जमीन. एका भेगेत मी हात घातला. कोपरापर्यंत गेला, आणि आत माती गार होती. हात तसाच ठेवून मी तिथं बसले. मला वाटत होतं की अक्का मला दूर ढकलते आहे. खरं तर तू मला त्या भेगेपासून बाजूला ओढत होतीस.

मग घरी येऊन तुझी मागची भिंत बघितली. तिच्यावर तू कॅलेंडर लावलं आहेस. मी ते उचललं आणि परत लावलं. तुला सांगितलं नाही, आता सांगते.

आल्या आल्या कोनाड्यातल्या पुरचुंड्या सोडल्या. दोन्ही मातींत पाणी घालून मळलं. काळीची सुतासारखी लांब वळी झाली, बोटांना अशी चिकटली की धुता धुता कंटाळा आला. माळावरच्या मातीची वळी होईना, हातातच तुटली. दोन्हींच्या वड्या करून खिडकीत वाळवल्या. काळीची वडी आकसून तडकली, दुसरी आहे तशी राहिली. लक्ष्मीबाई म्हणाल्या, यात परीक्षा संपली, आता निकाल लावा.

तर निकाल असा की पुंजारामचा माळ बघा. पण घेण्याआधी खड्डा खणून आत काय आहे ते पाहा, आणि पाण्याचं काय ते विचारा. धूर दिसायचं मात्र राहून गेलं, अक्का. आपण एकाच गावात असू, असं मनाला सांगते आहे, मन ऐकतं आहे, पण सावकाश.

तू मात्र एक कर. माझं घर झालं की तुम्ही दोघं तिथं या. टेकूच्या घरात राहू नका.

मागच्या पत्रातलं कठोर विसर आणि माया ठेव.

तुझी
उमा


॥ श्री ॥

हिवरवाडी
दि. ५ जून १९६७

चि. उमास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅलेंडर तू उचललंस हे मला कळलं होतं. तू ते वाकडं लावलंस.

माळावर खड्डा घेतला. वर वीतभर तांबूस माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे, आणि त्याच्याखाली पिवळा मुरूम लागला तेव्हा कुदळ खणकन वाजली. हे म्हणाले, हा आवाज आपल्या घराच्या पायात ऐकायला हवा होता. मग आम्ही खड्ड्यात घागरभर पाणी ओतलं. पुंजारामच्या घरचा चहा होईपर्यंत सगळं मुरून गेलं. तसंच पाणी इकडे आमच्या परसात ओतून पाहिलं, ते दुसऱ्या दिवशीही तसंच होतं. म्हणजे घराला माळ चांगला, संडासाच्या खड्ड्यालाही चांगला, बागेला मात्र कोरडा. पाणी मुरतं ते टिकत नाही. माळावर विहीर खणली तर खडक फोडावा लागेल, त्यापेक्षा पुंजारामच्या खालच्या विहिरीवरून पाणी घ्यायची मुभा खरेदीतच लिहून घ्यायची, असं यांनी ठरवलंय. चवीला गोड आहे, मी पिऊन पाहिलं.

पुंजारामला मी म्हटलं, माझ्या बहिणीला गुलाब पाहिजेत. तो म्हणाला, बाई, इथं सीताफळ न विचारता येतं, गुलाबाला लई लाड करावे लागतील. मग मी असं ठरवलंय की जिथं जिथं तुला झाड पाहिजे तिथं मोठा खड्डा करायचा आणि त्यात आपली काळी आणि शेणखत भरायचं. सांडू गाडीनं माती आणून देतो म्हणाला. वावर विकलं गेलं नाही म्हणून नाराज नाही. म्हणतो, व्हय, घराला नाय तर नाय, झाडाला तर लागली माझी माती.

घर दिवाळीनंतर सुरू करू. रजिस्ट्रीला तुला यावं लागेल.

आमच्या येण्याचं म्हणशील तर हे ऐकत नाहीत. मेहुणीच्या घरी कायमचं राहायला जाणं त्यांना रुचत नाही आणि मळा सोडून त्यांना झोप लागत नाही. मीही इथं इतकी वर्षं चिरा लिंपल्या आहेत. माणसाचा अशा घरावरही जीव बसतो. तू जोर करू नकोस.

आशीर्वाद आहेतच.

तुझी
अक्का


माळावरून, हिवरवाडी
दि. २६ जुलै १९६८

ती. सौ. अक्का हिस,
उमाचे सा. न. वि. वि.

सरूबाई म्हशी घेऊन वरच्या पुलावरून कोसभर चिखलात फिरून तुमच्या अंगाला जाते, ते माझ्या पायांना झेपायचं नाही, म्हणून तिच्या हाती हे पाठवते. ती म्हणाली, गावातल्या गावात पत्र काय लिहिता. मी म्हटलं, आमची सवय आहे.

घर उत्तम आहे. एवढा पाऊस झाला, पण ओट्याशी पाणी थांबत नाही, भिंतीला कुठं रेघ नाही. रात्री झोप मात्र लागत नाही. पावसाचा जोर वाढला की तुमच्या मागच्या भिंतीचा विचार येतो. परवा मी नाल्यापर्यंत आले होते. पाणी तांबडं होतं आणि जोर फार होता. बाभळींच्या मधून तुमच्याकडे काही दिसतं का ते बघत उभी राहिले. काही दिसलं नाही.

हैदराबादेत होते तेव्हा तू लांब होतीस, आणि लांब असणं मला समजत होतं. तिथं बसून तुझी आठवण काढायची, पत्र टाकायचं, उत्तराची वाट बघायची, ते सगळं रुळलं होतं. इथं तू हाकेच्या थोडी पलीकडे आहेस. हाक मारते आणि ती नाल्याच्या आवाजात जाते. हे जास्त जड आहे, अक्का. जेवायला बसले की दोन पानं मांडावीशी वाटतात.

सांडूच्या मातीतल्या गुलाबाला कळी आहे. मी ती तोडलेली नाही. दोन सीताफळांनी चांगली उभारी धरली.

दाजींना सांग, मेहुणीचं घर म्हणून नका येऊ, मुरमावरचं घर म्हणून या. पाऊस सरेपर्यंत तरी.

खुशाली कळव. वाट पाहते.

तुझी
उमा


॥ श्री ॥

हिवरवाडी
दि. ३ सप्टेंबर १९६८

चि. उमास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाबरू नकोस, आधी हे वाच की आम्ही दोघं धड आहोत.

काल सकाळी मागची भिंत गेली. दोन दिवस लागोपाठ पाऊस, मग ऊन पडलं आणि आम्ही पुढं ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. मोठा आवाज झाला नाही. पोतं खाली ठेवावं तसा झाला. आत जाऊन बघितलं तर माझ्या स्वयंपाकघरातून थेट सांडूची ज्वारी दिसत होती. हे तिथं उभे राहिले, मग त्यांनी खाली बसून ढिगाऱ्यातून माझं पितळेचं पातेलं काढलं आणि पुसून माझ्या हातात दिलं. मला त्या क्षणी रडू आलं नाही. इतकी वर्षं जी पडेल पडेल म्हणत होते ती पडली, आता चिरा बुजवायच्या नाहीत, असंच वाटलं.

सांडू आणि त्याच्या घरची द्वारकाबाई धावत आली. सामान त्यांच्या छपरात नेलं. रात्री आम्ही तिथंच होतो.

आज सकाळी यांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, दिवाळीनंतर इथंच बांधायचं, मळा सोडायचा नाही, पण या वेळी मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, कितीही खोल असो. मी म्हटलं, जरूर. मग म्हणाले, तोवर उमाताईंकडे विचारून बघ. मी म्हटलं, विचारायचं कशाला. ते म्हणाले, तरी रीत आहे. तेव्हा मी रीतीनं विचारते. बांधकाम होईपर्यंत आम्हाला तुझ्याकडे जागा आहे का?

दिवसा हे मळ्यात येतील, संध्याकाळी माळावर. घर उभं राहिलं की आम्ही इकडे परत येऊ, हेही तुला आत्ताच सांगून ठेवते, मागून रुसू नकोस. पण उरलेला पावसाळा आहे, दसरा आहे, दिवाळी आहे, आणि पुढं सगळी थंडी. लग्नानंतर आपण दोघी एका छपराखाली एवढे दिवस राहिलेल्या नाही.

नाला ओसरतोय. सांडू म्हणतो, दुपारपर्यंत गुडघ्याएवढं पाणी राहील, तो हात धरून उतरवेल. यातून गाडी निघायची नाही, तेव्हा वहाणा हातात घेऊन चालतच येतो. पायाला शेरभर चिखल असेल, ओट्यावर पाणी काढून ठेव. यांना लसूण घातलेलं वरण लागतं. मला काहीही चालतं.

उत्तर लिहू नकोस. सरूबाई हे पत्र घेऊन पुढं निघाली आहे आणि तिच्यामागून आम्ही निघतोय.

बाकी समक्ष.

तुझी
अक्का